काजळीवर लिहिलेलं नाव

डिसेंबर आला की शहराच्या कडेनं गुऱ्हाळं पेटतात आणि उकळत्या रसाचा वास थेट आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत येतो. बाकीच्यांना त्या वासानं भूक लागते. मी खिडक्या लावून घेते. सून म्हणते, "आई, एवढा झकास वास सुटलाय आणि तुम्ही दारं-खिडक्या काय लावता?" तिला काय सांगू? आमच्या टॉकीजच्या मागं तेव्हा गुळाची वखार होती, आणि ज्या डिसेंबरात मी एक नाव लिहिलं आणि माझ्याच हातानं पुसलं, तो सगळा डिसेंबर ह्याच वासाचा होता. ते नाव एका बाईचं होतं. तिला जाऊन सांगायचं होतं की बाई, तुझं नुकसान मी केलं. पन्नासाहून जास्त वर्षं ते सांगायचं राहून गेलं होतं. राहून कसलं, मी टाळलं होतं. यंदा म्हटलं, आता बास झालं. ती तरी किती दिवसांची आणि मी तरी.

तसं बघितलं तर उन्हाळ्यातच मन हललं होतं. सीमेवर तापलं होतं, टीव्हीवर नुसता आरडाओरडा, आणि इथं सरावाचा भोंगा वाजवून बघितला. नातू मोबाइल घेऊन गॅलरीत पळाला. मी पोळ्या लाटत होते. भोंगा वाजला तशी पिठाच्या हातानं उठले आणि घरातले सगळे दिवे बंद केले. देवापुढचं निरांजन फुंकर मारून विझवलं, जे मी जन्मात कधी केलं नव्हतं. नातू म्हणाला, "आज्जी, नुसतं टेस्टिंग आहे ते." म्हटलं, "तेव्हाही आधी टेस्टिंगच होतं रे बाबा." मग माझं मलाच कानकोंडं झालं आणि मी परत पोळपाटाशी जाऊन बसले.

एकाहत्तर साली मी बावीस वर्षांची होते. मॅट्रिक झालेली, अंगानं किडकिडीत, तोंडानं फटकळ. त्यामुळं लग्न जुळत नव्हतं, असं आईचं मत. मी एका टॉकीजमध्ये बायकांच्या खिडकीवर तिकिटं द्यायचे. तेव्हा बायकांची खिडकी वेगळी असायची, कारण पुरुषांच्या रांगेत नुसती कुस्ती चालायची. माझ्याकडं आणखी एक काम होतं. माझं अक्षर वळणदार, म्हणून नावाच्या पाट्या मी लिहायचे.

आताच्या पोरांना नावाची पाटी म्हणजे काय ते सांगावं लागतं. फोन नव्हते. माणूस पिक्चरला बसलं की तीन तास जगाला मुकलं. कुणाला तातडीनं बाहेर काढायचं झालं तर तळहाताएवढी काच घ्यायची, रॉकेलच्या चिमणीवर धरायची, काजळी चढली की सुईनं त्यावर नाव-गाव लिहायचं. 'अमुक गावचे अमुक यांनी बाहेर यावे.' मग ती काच घेऊन मागच्या लोखंडी जिन्यानं ऑपरेटरच्या खोलीत जायचं. आमचे ऑपरेटर इस्माईलचाचा ती मशिनीपुढं धरायचे आणि चालू पिक्चरवर ते नाव हे एवढं थोरलं उमटायचं. पाटी दोनदा लावायची पद्धत होती, पहिल्यांदा नाही दिसली तर दुसऱ्यांदा. कारणं काय, तर पावणं आल्यात, कपाटाची किल्ली खिशात राहिलीय, बायकोला कळा सुरू झाल्यात. नाव आलं की सगळं थेटर ओरडायचं, "ऊठ की लेका, बोलवाय लागल्यात!" लाजत उठणाऱ्या माणसाला टाळ्या पडायच्या. मला त्या टाळ्या खालपर्यंत ऐकू यायच्या आणि उगीच वाटायचं की त्या माझ्या अक्षराला आहेत.

युद्ध सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी साडेनऊचा खेळ बंद झाला. मग सहाचाही बंद झाला. दर्शनी भागावरची बल्बांची माळ उतरवली. पोस्टरातली हीरोइन अंधारात उभी राहिली. आमच्या मॅनेजरसाहेबांनी वरच्या झरोक्यांना डांबरी कागद ठोकून घेतले, आणि दरवाज्याला एक काळा पडदा होता त्याच्या आत दुसरा लावला, बाहेरचं कुणी आत येताना उजेडाची तिरीप फुटू नये म्हणून. दोन पडद्यांच्या मधे दीड हात जागा. तिथं पाय ठेवला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही. मी दिवसातून चारदा तरी तिथनं जायचे, आणि दर वेळेला मला तिथं कुणीतरी आधीच उभं आहे असं वाटायचं. श्वास लागायचा गालाला. दाराशी बसणारा आमचा गडीमाणूस चांगला सहा फुटी, तालमीतला. तोही आत जाताना "कोण हाय?" म्हणून विचारायचा. कुणी ओ देत नव्हतं. तो मग देवाचं नाव घ्यायचा आणि कोपर पुढं करून शिरायचा.

नव्या पिक्चरचे डबे यायचे बंद झाले. रेल्वेत मिलिटरीचं सामान, आमच्या डब्यांना कोण विचारतो? मॅनेजरसाहेब रोज स्टेशनवर खेटे घालायचे आणि हात हलवत परत यायचे. शेवटी कुठनं तरी एक जुना विनोदी पिक्चर मिळाला, रेघा पडलेला, अधनंमधनं तुटणारा. त्यात लोकांना हसवून मारणारा जो नट होता तो दोन वर्षांपूर्वी खरोखरच मेला होता. त्यात मशिनीच्या कार्बनच्या कांड्या संपत आल्या होत्या. त्या काळी त्या कांड्या जाळूनच पडद्यावर उजेड पडायचा. इस्माईलचाचा जळून उरलेले तुकडे एकाला एक जोडून वेळ मारून न्यायचे. उजेड पिवळा पडला. पडद्यावरची माणसं आजारातून उठल्यासारखी दिसायला लागली. तो मेलेला नट त्या पिवळ्या उजेडात धोतर सावरत धडपडायचा आणि थेटरातली पन्नास-साठ माणसं हसायची. एवढ्या मोठ्या थेटरात तेवढ्याच माणसांचं हसू कसं ऐकू येतं, ते ज्यानं ऐकलंय त्यालाच ठाऊक. 

पन्नास-साठांतली अर्धी माणसं तर पिक्चरला आलेलीच नसायची. आधी लढाईची न्यूजरील दाखवायचे, ती बघायला यायची. आपल्याकडं घरटी एक माणूस पलटणीत आहे अशी गावंच्या गावं. रील सुरू झाली की बायका पुढच्या खुर्चीची पाठ धरून वाकायच्या आणि चालत जाणाऱ्या जवानांत आपला कुठं दिसतो का बघायच्या. रील संपली की अर्धी बायकांची बाजू मुकाट उठून जायची. जाताना खिडकीशी थांबून एखादी म्हणायची, "बाई, उद्या दुसरी फौज दावत्यात व्हय?" मी काय सांगणार? म्हणायचे, "या की उद्या, बघू."

गावात पिक्चर काढायचे स्टुडिओ होते, त्यांचाही तोच हाल. रात्रीचं शूटिंग बंद, मोठे दिवे बंद, चार घोडे आणि दीडशे एक्स्ट्रा घरी बसले. त्यातलेच दोघं एकदा पठाणाच्या मेकअपमध्ये चहा प्यायला रस्त्यावर आले आणि लोकांनी त्यांना आकाशातनं उतरलेले हेर समजून धरलं. एकाची दाढी ओढली ती हातात आली. तरी कुणी ऐकेना! "खोटी दाढी लावून आलाय, म्हणजे नक्की हेर," असं म्हणून आणखी दोन ठेवून दिल्या. त्यांना अस्सल कोल्हापुरी शिव्या देताना ऐकलं तेव्हा लोकांचा विश्वास बसला. आम्ही त्यावर आठवडाभर हसलो. हसायला तेवढंच होतं.

आणि नावाच्या पाट्या. युद्धाच्या पहिल्या आठवड्यात एक लावली, शिरोळकडच्या एका माणसाची. पडद्यावर नाव आलं आणि थेटर गप्प झालं. एक आवाज नाही. पिक्चर चालू, पण बघत कुणी नव्हतं, सगळे त्या माणसाला शोधत होते. तो उठेना. दुसऱ्यांदा लावली तेव्हा उठला आणि खुर्च्यांना धरत धरत बाहेर आला. त्याचा एक भाऊ पलटणीत होता. बाहेर दुसरा भाऊ उभा, म्हणतो, "म्हस आडलीय, चल." ह्यानं पायातलं पायताण काढून त्याला तिथंच हाणलं. "म्हशीसाठी नाव लावतोस व्हय रं गाढवा?" आणि मग पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला.

चार दिवसांनी लावली ती मात्र तसल्याच निरोपाची होती. जोतिबाच्या डोंगराखालच्या गावातले एक गृहस्थ. बाहेर आले, पटका काढून काखेत धरला, आणि निरोप्याकडं न बघता मला म्हणाले, "बाई, घोटभर पाणी मिळंल का?" मी दिलं. ते प्यायले आणि मगच त्यांनी विचारलं, "कोण गेला? थोरला का धाकटा?"

तेव्हापासून थेटरातल्या माणसांनी एक नवंच सुरू केलं. पडद्यावर पाटी आली की सगळी माना खाली घालायची. साबणाची जाहिरात आली तरी खाली घालायची. मागच्या जिन्यावर भिंतीला एक भोक होतं, त्यातनं मी बघितलंय, पडद्यावर सोन्या-चांदीच्या दुकानाची पाटी, आणि पिवळ्या उजेडात रांगेनं खाली वाकलेली डोकी. मॅनेजरसाहेब मला म्हणाले, "आता पाटी लावायची की नाही ते तुम्हीच बघत चला. मला नाही झेपत हे." बावीस वर्षांच्या मला त्या बोलण्याचा मान वाटला होता. मूर्ख होते मी.

त्या शुक्रवारी तीनच्या खेळाला शालन आली. कागलकडच्या एका गावची, लग्नाला वर्ष झालेली, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. नवरा मारुती पलटणीत. अंबाबाईची ओटी भरायला नणंदेबरोबर आली होती आणि नणंदेनं तिला पिक्चरला ओढून आणलं होतं. हातात हिरव्या बांगड्या, पदरात प्रसादाचा नारळ. खिडकीतनं मला म्हणाली, "लढाईची फिल्म दावत्यात न्हवं? आमचं मालक असतील त्यात." तिच्या बोलण्यात इतकी खात्री होती की मी हसले. म्हटलं, "असतील की. नीट बघा." रील संपल्यावरही ती उठली नाही. नणंदेला पिक्चर बघायचा होता.

पावणेचारला तिचा सासरा आला. लेकीनं टॉकीजचं नाव घरी सांगून ठेवलं होतं म्हणून थेट इथंच, उसाच्या ट्रकवर बसून आला होता, कपड्यांना चिपाडाची कुसं चिकटलेली. बंडीच्या खिशातनं घडी केलेला कागद वर आला होता. म्हणाला, "ओ बाई, आमची सून आत बसलीया. तिला भायेर काढा. तार आलीया."

आता नीट ऐका, कारण सगळं इथंच आहे. मी विचारलं, "मामा, तारेत काय आहे?" तो म्हणाला, "मास्तर गावात न्हाईत. वाचणार कोण? आनि वाचायचं काय त्यात, तार हाय की ती." आणि मी मान हलवली. मॅट्रिकला मला इंग्रजीत बरे मार्क होते. तो कागद माझ्या खिडकीपासून हातभर लांब होता. पण तार म्हटलं की माणूस गेला, हे आमच्या भागात इतकं पक्कं की तार उघडायच्या आधीच आयाबाया रडायला सुरुवात करायच्या. त्याला वाचावीशी वाटली नाही आणि मलाही 'द्या बघू इकडं' म्हणावंसं वाटलं नाही.

मी काच घेतली. चिमणीवर धरली. सुई टेकवली आणि 'सौ.' लिहिलं. लिहिलं आणि हात थांबला. नवरा गेलेल्या बाईला मी सौ. कसं लिहिते आहे? पण तिला अजून कुठं ठाऊक होतं? मी पुष्कळ वेळ सुई तशीच धरून बसले. मग मधे जरा जागा सोडून लिहिलं, 'शालन मारुती यांनी बाहेर यावे.'

जिन्यावर चढले. अर्ध्या जिन्यात ते भोक होतं, त्यातनं आत बघितलं. तो मेलेला नट पाटावरनं खाली पडत होता आणि शालन हसत होती. तोंडाला पदर लावून, पुढं वाकून, नणंदेच्या मांडीवर चापट्या मारत. माझ्या मनात आलं, अजून दोन तास ही बाई सुखी आहे. माझ्या हातात आहे ते तिला देणं. कोण देणार तिला पुन्हा असे दोन तास? मी खाली आले. पायरीशी उभं राहून पदरानं काच पुसली. पांढरी साडी होती, काळी झाली.

सासऱ्याला म्हटलं, "मामा, पिक्चर सुटू दे. तोवर राहू दे तिला." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. मलाबी सांगाय तोंड न्हाई." मग तो बाकड्यावर बसला, पटक्याचा शेव तोंडात धरून. मध्यंतरात शालन बाहेर येईल म्हणून मी त्याला ऑफिसात नेऊन बसवलं. ती बाहेर आली, भजी घेतली, मला लांबनं हात केला आणि परत आत गेली.

सहा वाजून गेल्यावर पिक्चर सुटला. बाहेर अंधार पडत होता, रस्त्यावरचा एकही दिवा लागला नव्हता. सासऱ्याला बघून शालन जागच्या जागी उभी राहिली. नणंदेनं हंबरडा फोडला. तेव्हा मॅनेजरसाहेबांनी ती तार हातात घेतली आणि काडी ओढून तिच्या उजेडात वाचली. मारुती गेला नव्हता. जबर जखमी होता. पुण्याला मिलिटरीच्या दवाखान्यात आणलं होतं, घरच्यांनी ताबडतोब यावं.

"म्हंजे जित्ता हाय!" शालन ओरडली आणि अंधारात सासऱ्याच्या पाया पडली, नणंदेच्या पडली, माझ्याही पडली. आम्ही सगळे हसत होतो, रडत होतो. मग मॅनेजरसाहेबांनी हळूच विचारलं, "पुण्याची गाडी?" ब्लॅकाउटमुळं रात्रीच्या गाड्या बंद होत्या. शेवटची पाचला सुटत होती. ती गेली होती. रेल्वेचं काहीच खरं नव्हतं. त्या तिघांनी रात्र स्टँडवर काढली आणि पहाटेची पहिली गाडी धरली.

महिन्याभरानं सासरा खिडकीशी आला. ते दुपारी तीनला पोचले होते. मारुती सकाळी दहाला गेला होता. शुद्धीवर होता. रात्रभर नर्सला विचारत होता, "घरचं कोन आलं का?" एवढं सांगून म्हातारा म्हणाला, "पाचची गाडी घावली असती तर..." मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. त्यानं सुनेला ते सांगितलं नाही, मीही कुणाला सांगितलं नाही. पुढं तो गेला. मी नोकरी सोडली, लग्न केलं, मुलं झाली, टॉकीज पाडून तिथं मंगल कार्यालय झालं. त्या कार्यालयात आमच्या पुतणीचं लग्न होतं तेव्हा मी जेवायला थांबले नाही.

तर परवा गेले एकदाची. रिक्षा करून, एकटी. घर विचारत विचारत पोचले. शालन दारातल्या उन्हात बसून शेंगा फोडत होती. केस पिकलेले, पण हाडपेर तसंच. मी टॉकीजचं नाव घेतलं तशी लगेच ओळखलं. "खिडकीवाल्या बाई व्हय तुमी! या की, बसा. अगं, च्या टाक गं," असं आतल्या नातसुनेला ओरडली. दिराचा मुलगा, त्याची मुलं, सून, सगळं भरलेलं घर. मी बसले. सांगायचं ते रिक्षात शंभर वेळा म्हणून झालं होतं. मी तिच्या सुपातली एक शेंग उचलून हातात फिरवत राहिले.

तीच बोलली. "तुमीच माजं नाव लिवलं हुतं न्हवं?"

मला वाटलं सासऱ्यानं मरताना सांगितलं असणार. म्हटलं, "हो."

"मी बगितलं की ते." ती शेंगा फोडतच होती. "नणंदंनं न्हाई बगितलं, ती खुदूखुदू हसत हुती. मी बगितलं. पडद्यावर आलं, त्या नटाच्या छातीवरच. मी मान खाली घातली. वाटलं, उटलं की त्यो मेला, न्हाई उटलं तर जित्ता. म्हणून बसून ऱ्हायले. हसत बसले, बाई. कुणाला कळू नये म्हणून मोठ्यानं हसले. त्या वक्ताला उटले असते तर पाचची गाडी घावली असती. मीच त्येला एकला मरू दिला."

मी विचारलं, "तुम्हाला वाचता येतं?"

"कुठलं वाचतीया. साळंत कुणी धाडलं?" ती म्हणाली. "खरं आपलं नाव कळतंय की माणसाला. आदी एक बारकं अक्षर हुतं, मग रिकामी जागा, मग सगळं नाव."

भर उन्हात माझ्या मानेवरनं काहीतरी सरकत गेल्यासारखं झालं. ती काच माझ्याशिवाय कुणी बघितलेली नव्हती. इस्माईलचाचांनीसुद्धा नाही. मग मी सगळं सांगितलं. एका दमात, काही न लपवता. तार वाचली नाही ते, जिना, भोक, तिचं हसू, पुसलेली काच, काळी झालेली साडी. "शालनताई, नाव पडद्यावर आलंच नव्हतं. चूक तुमची नाही. माझी आहे. हेच सांगायला आले."

तिनं सूप बाजूला ठेवलं. माझ्या तोंडाकडं बघत बसली. राग नव्हता तिच्या डोळ्यांत, भीती होती. म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर काढतात तेव्हा ते जसं बघतं तसं बघत होती.

"दीर म्हणला हुता, दुसरं लगीन कर," ती सावकाश म्हणाली. "भावानं बी सांगितलं. मी न्हाई म्हटलं. घरात टीवी आला, मी त्येच्याकडं पाट करून बसतीया. सणाला ग्वाड खात न्हाई. सगळी म्हणत्यात दुक्कानं. दुक्क कसलं बाई, दुक्क कवाच सपलं. ही माजी मी घेतलेली शिक्षा हाय. आनि आता तुमी म्हणताय, नावच आलं न्हवतं."

मी मान हलवली.

"मग मी ही एवढी वर्सं कशापायी काडली? सांगा की."

आतनं कपबशांचा आवाज आला. नातसून चहा घेऊन येत होती. मला रडायला येत होतं, पण ते माझं रडू होतं, तिच्या कामाचं नव्हतं. शालननं माझं मनगट धरलं. हाताला बळ होतं अजून.

"आलतं न्हवं नाव?"

मी तिच्याकडं बघितलं. माफी मागायला आले होते, आणि मागायची झाली तर तिची अख्खी जिंदगी मोडून मागावी लागणार होती.

"आलं होतं," मी म्हणाले. "दोनदा लावलं होतं."

तिनं माझं मनगट सोडलं. सूप परत मांडीवर घेतलं आणि एक शेंग फोडली.

"व्हय, दोनदाच," ती म्हणाली. "दुसऱ्या टायमाला लई येळ ठेवलं हुतं तुमी."